मुक्या दगडातलं पीक

सोलापूरचा दगड मुका आहे, असं माझे मार्गदर्शक सर पहिल्याच भेटीत म्हणाले होते. आपल्याकडचा काळा बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात युरेनियम आणि थोरियम अगदी नावापुरतं असतं. तेव्हा या विषयावर काम केलंस तर आकडे छोटे येतील पण स्वच्छ येतील, प्रबंध होऊन जाईल आणि कुणाला त्रास होणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी बाई. पीएचडीचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलं होतं की ते एकदाचं वाळत घालावं एवढीच इच्छा होती. विषय ठरला : दगडखाणींच्या परिसरातली माती आणि वनस्पती यांतला नैसर्गिक किरणोत्सार. आपल्या जिल्ह्यात ना सोन्याची खाण ना कोळशाची. खाण म्हटलं की खडीची. डोंगर फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा आणि रस्त्यावर पसरायचा. अशा खाणीच्या कडेला उगवणाऱ्या गवतात काय काय जातं, हे मला मोजायचं होतं.

घरी विषय सांगितला तेव्हा मुलीनं विचारलं, तू आता बॉम्ब करणार का? नवरा हसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "म्हणजे मातीतून काहीतरी सारखं बाहेर पडत असतं?"

मी म्हटलं, हो आई, मातीतून, विटांतून, या भाकरीतूनसुद्धा थोडंसं. तुमच्या-माझ्या अंगातूनही. जग झालं तेव्हापासून ते चाललंय.

त्यांनी तव्यावरच्या भाकरीकडे क्षणभर बघितलं, मग ती उलटली.

सासूबाई करमाळ्याला सरकारी कचेरीत कारकून होत्या. निवृत्त झाल्या, पुढे सासरे गेले आणि त्या आमच्याकडे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. करमाळ्यात त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सगळे ओळखायचे. इथे गॅलरीत उभं राहून वाहनं बघायची, एवढंच काम. टीव्हीवरच्या मालिका त्यांना दोन आठवड्यांत पाठ झाल्या. पुढच्या भागात काय होणार ते त्या आधीच सांगायच्या आणि तसंच व्हायचं, म्हणून त्यांचा टीव्हीवरचा विश्वासच उडाला होता.

पहिल्या नमुन्यांसाठी नवरा मला गाडीतून नेणार होता. त्या रविवारी त्याला अचानक कामावर बोलावणं आलं. मी चिडून पिशव्या परत ठेवायला लागले, तर सासूबाई साडीचा पदर खोचून दारात उभ्या. म्हणाल्या, "मी येते. स्कूटरवर मागं बसायला काय शिकावं लागतं का?"

अशी आमची मोहीम निघाली. पुढे मी, मागे सत्तरीकडे झुकलेल्या सासूबाई, त्यांच्या मांडीवर खुरपं, चाळणी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. अक्कलकोट रोडला एमआयडीसीपाशी पाळी सुटत होती. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडत होता. त्यातून वाट काढताना मागून सूचना येत होत्या : डावीकडून घे, ब्रेक मार, त्याला जाऊ दे. पुढे शहर संपलं आणि उघडं माळरान लागलं. तसं त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि गाव येईपर्यंत ती खाली केलीच नाही.

खाण गावापासून थोडी लांब होती. एका बाजूला क्रशरची धडधड, झाडांवर करड्या धुळीचा थर. दुसऱ्या बाजूला जुने, सोडून दिलेले खड्डे. त्या खड्ड्यांपलीकडे एका धनगर कुटुंबाची वस्ती होती. नवरा, बायको, लहान पोरं, म्हातारे वडील, आणि शेळ्या-मेंढ्यांचा मोठा कळप. आम्ही खुरप्यानं माती उकरतोय हे बघून नवरा-बायको दोघंही जवळ आले. बाई सीमेपलीकडच्या माहेरच्या, बोलण्यात कानडी मिसळलेली. सासूबाईंना बघून त्या म्हणाल्या, "बर्री अव्वा, उन्हात कशाला? हितं सावलीला या की."

मी त्यांना काय करतोय ते सांगितलं. वीतभर खोल माती घ्यायची, खडे काढायचे, आणि त्याच जागेवरचं गवत, तरवड, ज्वारीची पानं जे असेल तेही घ्यायचं. मातीत काय आहे आणि त्यातलं किती झाडात जातं, ते बघायचं. माझ्याकडे हातात धरायचं एक लहान मीटर होतं. ते चालू केलं की अधूनमधून टिक् करायचं. धनगर दादा ते कानाला लावून बराच वेळ उभे राहिले. मग बायकोला देऊन म्हणाले, "आईक, पालीगत बोलतंय."

बाईंनी ऐकलं आणि काळजीनं विचारलं, म्हणजे हितं काय वंगाळ हाय का? मी म्हटलं, नाही, एवढं सगळीकडेच असतं, सोलापुरात माझ्या घरीही इतकंच बोलतं. त्यांचं समाधान झालं. आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा मिळाला. सासूबाईंनी दोन कप घेतले.

नंतरचे काही महिने आमचं घर हीच प्रयोगशाळा झाली. कॉलेजातली भट्टी नि ओव्हन विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलमुळे अडकलेले असायचे, म्हणून नमुने आधी गच्चीवर उन्हात वाळवायचे. एका चादरीवर सांडगे आणि शेजारच्या चादरीवर खाणीची माती, असा थाट. सासूबाई पाखरं हाकलायला छत्री घेऊन बसायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा विचारायला आल्या की हे मातीचं लोणचं घालणार आहात का. सासूबाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि अर्धा तास रेडॉन वायूबद्दल सांगितलं. सांगितलेलं बरंचसं बरोबर होतं.

रेडॉनचं प्रकरण त्यांना फार आवडलं होतं. वाळलेली, चाळलेली माती डबीत भरायची, झाकण पक्कं बंद करायचं आणि महिनाभर तशीच ठेवायची. मातीतल्या रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. तो निसटला तर मोजणी चुकते. तो आत अडकला, मुरला, की मग मोजायचं. सासूबाई म्हणाल्या, लोणच्यासारखंच झालं की मग.

मोजणीचं यंत्र शहराबाहेर एका संस्थेत होतं. शिशाच्या जाड भिंतींच्या आत एक स्फटिक, त्यावर आपली डबी ठेवायची, झाकण लावायचं आणि दिवसभर थांबायचं. मातीतून निघालेला प्रत्येक किरण स्फटिकात एक बारीकशी चमक उमटवतो, आणि ती चमक केवढी आहे त्यावरून तो किरण कुणाकडून आला ते कळतं. पडद्यावर ठिपक्यांची एक उतरती रेघ तयार होते आणि त्या रेघेवर मधेच टेकाडं उभी राहतात. पोटॅशियमचं टेकाड ठरलेल्या जागी, रेडियमच्या वंशजांची आणखी काही, आणि अगदी उजवीकडे, सगळ्यांपासून दूर, थोरियमच्या घराण्यातलं एक. लॅबमध्ये आम्ही सगळे त्या टेकाडाला 'पीक' म्हणतो. इंग्रजीतून आलेला शब्द आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही.

सरांचं बरोबर होतं. एकामागून एक डब्या लावत गेले आणि सगळ्यांची रेघ सारखीच, शांत. क्रशरजवळची माती, शेतातली माती, ओढ्याकाठची माती, सगळी एका आईची लेकरं. मी आकडे लिहीत गेले आणि जांभया देत गेले.

मग एका सकाळी आदल्या दिवशी लावलेल्या डबीची रेघ बघायला गेले, तर पडद्याच्या अगदी उजव्या टोकाला, जिथे माझ्या कुठल्याच नमुन्यात धड काही दिसलं नव्हतं, तिथे थोरियमचं पीक उभं होतं. छोटंसं, पण स्पष्ट. कुणीही बोट ठेवून दाखवावं असं. पोटॅशियमचंही इतरांपेक्षा चांगलंच उंच झालेलं.

खुर्चीत बसवेना. लॅबच्या मोकळ्या बोळात मी दोनदा ये-जा केली आणि सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, यंत्र तपास, रिकामी डबी लाव, मग परत तीच लाव. मी रिकामी डबी लावली, काही नाही. आपली जुनी ओळखीची माती लावली, काही नाही. ती डबी पुन्हा लावली. पीक पुन्हा उभं. त्याच जागी, तेवढंच. मग सर स्वतः आले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "ही माती आपली नाही."

एवढंच बोलले. मग डबीवरची चिठ्ठी वाचायला मागितली.

डबीवरच्या चिठ्ठीप्रमाणे ती माती जुन्या खड्ड्यांच्या कडेची होती, धनगर वस्तीच्या बाजूची. घरी येऊन मी चप्पल काढायच्या आधीच ओरडले, आई, पीक आलं. सासूबाईंना त्या शब्दाचा अर्थ आता माहीत झाला होता. त्या हातातली परात तशीच टाकून आल्या. मी कागदावर रेघ काढून दाखवली. त्यांनी त्या छोट्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

आनंद पोटात ठेवणं त्यांना जमत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तीवर फोन केला. आमच्याकडे नंबर होताच, शेळीच्या दुधासाठी घेतलेला. तुमच्या खड्ड्याजवळच्या मातीत पीक आलंय, असं त्यांनी धनगरीण बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, तितं नुसतं गवात उगवतंय अव्वा, पीक कुटलं? मग सासूबाईंनी खुलासा केला, थोरियम, किरण, वगैरे. तो खुलासा वस्तीवरून फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि टपरीवरून गावात. गावात पोचेपर्यंत त्याची दोन रूपं झाली होती. काहींच्या मते खाणीत युरेनियम सापडलं होतं आणि आता सरकार जमिनी घेणार होतं. बाकीच्यांच्या मते खड्ड्याजवळ विषारी किरण निघत होते. या दुसऱ्या रूपाचा परिणाम लगेच झाला. टपरीवाल्यानं वस्तीवरचं शेळीचं दूध घेणं बंद केलं.

हे आम्हाला कळलं ते बाईंच्याच फोनवरून. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं की दूध पोरासोरांना द्यावं की नको. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसल्या. मी सांगितलं की घाबरण्यासारखं काही असेल असं मला वाटत नाही, पण उद्या मी येऊन नीट बघते. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उद्या कशाला? आत्ता ऊन आहे. चल."

त्या दुपारी आम्ही मीटर घेऊन खड्ड्यांच्या कडेकडेनं फिरलो. धनगर दादा बरोबर होते. मीटर आधी नेहमीसारखं अधूनमधून बोलत होतं. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या खड्ड्याच्या उतारावर मला वाटलं की टिकटिक जरा दाट झालीय. मी थांबले. पुढे दोन पावलं टाकली, आणखी दाट. मागे आले, विरळ. जे मी पडद्यावर बघितलं होतं ते आता माझ्या कानात होतं. सासूबाईंनी मीटर माझ्या हातातून घेतलं आणि त्या स्वतःच चालायला लागल्या, आवाजाच्या मागं मागं, जसं अंधारात बाळाच्या रडण्याच्या रोखानं जावं तसं. मी आणि दादा त्यांच्या मागे.

खड्ड्याच्या तळाशी त्या थांबल्या. तिथली जमीन काळी नव्हती. फिकट, गुलाबीसर राखाडी, वाळून भेगा पडलेली, पिठासारखी बारीक. तिच्यावर आणि कडेनं गवत माजलं होतं. मी मूठभर उचलली तर बोटांना पीठ लागलं. जवळच ओबडधोबड तुकडे पडले होते. एकाची कड बघितली, एक बाजू गुळगुळीत, चकाकणारी, आत गुलाबी आणि पांढरे दाणे.

ग्रॅनाइट. सोलापूरच्या जमिनीत सापडणं शक्यच नाही असा दगड.

दादांना मी विचारलं, हे इथं कुठून आलं. ते म्हणाले की पूर्वी रात्री-बेरात्री टँकर यायचे, पांढरं पाणी ओतून, फुटके तुकडे टाकून जायचे. लांबच्या एका फरशी कापायच्या कारखान्यातलं असेल. वाळलं की असं होतं. तेव्हा कळलं. दक्षिणेकडून ग्रॅनाइटचे मोठाले दगड येतात, त्यांच्या फरश्या कापतात, कापताना पाणी सोडतात आणि त्या पाण्यात दगडाचं पीठ मिसळतं. ते पीठ इथे येऊन पडलं होतं. ग्रॅनाइट आपल्या बेसाल्टसारखा मुका नसतो. त्यात थोरियम आणि पोटॅशियम जास्त असतं. जगभर लोक त्याच्या फरश्या घालून राहतात, त्यानं कुणी मरत नाही. पण माझ्या यंत्रापुढे तो बोलतो.

येताना स्कूटरवर आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो. काय बोललो ते वाऱ्यात उडून गेलं. घरी आल्या आल्या सासूबाई मीटर घेऊन थेट स्वयंपाकघरात. आपला ओटाही ग्रॅनाइटचा आहे, तो बोलायला हवा. त्यांनी मीटर ओट्यावर ठेवलं. काही नाही. नेहमीचीच एकेक टिक्. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, आई, हा काळा आहे. दुकानात याला ग्रॅनाइट म्हणतात, पण हा जातीनं आपल्या बेसाल्टचाच भाऊ. मग आम्हा दोघींना एकदमच आठवलं, इमारतीच्या जिन्याच्या पायऱ्या. गुलाबी. आम्ही खाली पळालो. पहिल्याच पायरीवर मीटर ठेवलं आणि ते खड्ड्यातल्यासारखंच दाटून बोलायला लागलं. सासूबाई पायरीवर बसल्या आणि हसत सुटल्या. बाहेरून आलेले दोन शेजारी आमच्याकडे बघत कडेनं वर गेले.

पुढच्या सोमवारी सरांना घेऊन आम्ही गावात गेलो. बैठक मारुतीच्या देवळात होती. खूप माणसं जमली होती, मागे बायका. सर बोलायला उभे राहिले. बोलणं बरोबर होतं पण जड होतं, लोक एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. देवळाचा नुकताच जीर्णोद्धार झाला होता आणि सभामंडपाला नवी फरशी घातली होती. गुलाबी, चकचकीत, दाण्यादाण्याची.

मी मीटर चालू केलं आणि फरशीवर ठेवलं. देऊळ टिकटिकायला लागलं. मग मी खड्ड्यातला तुकडा पिशवीतून काढून फरशीशेजारी ठेवला. एकाच खाणीतनं काढल्यासारखे दोन्ही सारखे. मी म्हटलं, तुम्ही जिथं रोज बसता, तेच तिथं पीठ होऊन पडलंय. पुजाऱ्यांनी विचारलं की मग फरशी काढायची का. सर म्हणाले, मुळीच नको, माझ्या घरीही हीच आहे. लोक हसले. युरेनियमच्या आशेवर असलेले थोडे हिरमुसले, पण हसले.

मला वाटलं, झालं. पण मागून धनगरीण बाई उभ्या राहिल्या. इतक्या माणसांत त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात, कारण पदर तोंडाशी धरला होता.

"ताई, फरशी शेळी खात न्हाय," त्या म्हणाल्या. "शेळी तितलं गवत खाती. गवतात गेलं का न्हाय, ते सांगा की."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. माझा अख्खा प्रबंध त्या एका वाक्यात होता. मी म्हटलं, ते मला अजून माहीत नाही. मोजून सांगते.

तोवर मी गवत थोडं थोडंच घेत असे. आता खड्ड्यातलं गवत पोतं भरभरून आणलं, आणि तुलनेसाठी लांबच्या स्वच्छ बांधावरचंही तेवढंच. धनगर दादा-वहिनींनी दोन्हीकडचं कापून दिलं. ते धुवायचं, वाळवायचं आणि भट्टीत जाळून राख करायची. पोतंभर गवताची मूठभर राख होते. कॉलेजच्या बोळात आठवडाभर कडबा जळाल्याचा वास होता आणि रसायनशास्त्राच्या बाई नाकाला रुमाल लावून जात होत्या. सासूबाई रोज डबा घेऊन कॉलेजात यायच्या आणि भट्टीच्या बाहेर बाकावर बसायच्या. प्रयोगशाळा परिचारकाशी त्यांची इतकी गट्टी जमली की तो मला न सांगता त्यांनाच तापमान सांगायचा.

राख मोजायला लावली ते दोन्ही दिवस त्या माझ्याबरोबर संस्थेत आल्या. खास परवानगी काढली होती. आधी बांधावरच्या गवताची रेघ. पोटॅशियमचं पीक एवढं उंच आलं की त्या दचकल्या. मी समजावलं, ते असणारच, कुठल्याही झाडाला पोटॅशियम लागतंच, राख म्हणजे तेच. दुसऱ्या दिवशी खड्ड्यातल्या गवताची डबी. संध्याकाळी पडद्यासमोर दोघी बसलो. मी दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या.

पोटॅशियमचं पीक दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. खड्ड्यातल्या मातीत ते बांधापेक्षा कितीतरी जास्त होतं, तरी गवतात सारखंच. आणि उजव्या टोकाला, थोरियमच्या जागी, खड्ड्यातल्या गवतातही आमच्या यंत्राला वेगळं दिसेल असं काही नाही. मातीत टेकाड, गवतात सपाट माळ.

"घेतलंच नाही त्यानं," सासूबाई म्हणाल्या.

मी मान हलवली. तेवढ्या थोरियमच्या पिठात पाय रोवून गवत उभं होतं, आणि त्यानं त्यातलं स्वतःला हवं तेवढंच उचललं होतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. थोरियम पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून बसतं, मुळांना मिळत नाही. पोटॅशियम मात्र झाड आपल्या गरजेपुरतं घेतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं. हे आमच्या खड्ड्यातलं, आमच्या हातानं कापलेलं गवत होतं.

संस्थेच्या फाटकातूनच मी वस्तीवर फोन लावला. फोन बाईंनीच उचलला. मी सांगितलं, वहिनी, गवतात नाही गेलं. त्यांनी तिथूनच नवऱ्याला हाक मारली आणि कानडीत काहीतरी भराभर सांगितलं. दादा फोनवर आले आणि म्हणाले, लई बरं झालं बगा.

पण सर खरं ते बोलणारे. त्यांनी सांगितलं की किरणांची नाही तरी त्या पिठाची काळजी करा. वाळलेली दगडाची भुकटी वाऱ्यानं उडते, श्वासातून छातीत जाते, माणसांनाही वाईट आणि शेळ्यांनाही. हे आम्ही गावाला तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. गावानं मनावर घेतलं. कारखान्याला निरोप गेला, टँकर परत यायचा नाही असा. गावात दोन विहिरींची खोदाई चालू होती, तिथला मुरूम आणि काळी माती ट्रॅक्टरनं आणून खड्ड्यावर पसरली. टपरीवाला आधी टाळाटाळ करत होता. सासूबाई त्याच्या बाकावर जाऊन बसल्या, वस्तीवरचं दूध स्वतः मागवलं आणि त्याचाच चहा करायला लावला. तो पिऊन झाल्यावर आणखी एक मागवला. दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं.

प्रबंध लिहून झाला. त्यात खड्ड्याचा भाग सगळ्यात लहान आहे, पण परीक्षकांनी प्रश्न विचारले ते त्याच पानांवर. तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं. धनगर दादा-वहिनी नवे कपडे घालून मागच्या रांगेत बसले होते, शेजारी सासूबाई. बाहेरगावच्या परीक्षकांचे प्रश्न संपले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. असं कुणी कधी विचारत नसतं. सासूबाईंचा हात वर गेला.

त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गवतानं नाही घेतलं, हे ठीक. पण मेथी घेत असेल तर? कांदा तर जमिनीतच वाढतो, त्याचं काय?"

प्रत्येक झाडाचं वागणं वेगळं असतं, एवढंच मी सांगू शकले. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले आणि सासूबाईंशीच बोलायला लागले. कुठल्या भाज्या मुळाशी काय धरून ठेवतात, कांद्याच्या सालीला चिकटलेली माती कशी फसवते, असं बराच वेळ. मी फळ्यापाशी खडू हातात धरून उभी होते आणि माझी पदवी त्या दोघांच्या बोलण्यात कुठेतरी मंजूर होऊन गेली.

आता आमच्या गच्चीवर कुंड्यांची रांग आहे. निम्म्या कुंड्यांत गावची काळी माती, निम्म्यांत फरशीवाल्याकडून मागून आणलेलं गुलाबी पीठ काळ्या मातीत मिसळलेलं. मेथी, कांदा, अंबाडी. सासूबाईंनी सक्त ताकीद दिली आहे की यातलं एक पानही कुणी भाजीला तोडायचं नाही. खालच्या काकूंना त्यांनी पाणी घालायला जोडीला घेतलंय. पिठाच्या कुंडीतली मेथी जरा उशिरा उगवली, पण उगवली. काल संध्याकाळी दोघी तिच्यापाशी बसून पानं मोजत होत्या.